मिठाची झिलई

कोयनानगरच्या जुन्या वसाहतीत एका बैठ्या घराच्या कुंपणाशी सांडपाण्याच्या पाइपाचा तुकडा उभा पुरलेला आहे. कुणीतरी त्यात माती भरून गवती चहा लावला आहे. पावसाळ्यात इथे सगळ्यावर शेवाळ चढतं. भिंती, कौलं, विजेचे खांब, महिनाभर न हललेली दुचाकी, काही सुटत नाही. या पाइपावर मात्र ते धरत नाही. सर येते, अंगावरून ओघळून जाते, आणि घटकाभर ऊन पडलं की तपकिरी पाइप लख्ख होतो. जवळ जाऊन हात फिरवला तर तो गुळगुळीतही नसतो. संत्र्याच्या सालीवर असतात तसे बारीक खळगे सगळ्या अंगभर. एका बाजूला रंग मधाळ, वळून पलीकडे गेलं की जवळजवळ काळा. ज्या बाजूने ज्वाळा आली असेल ती बाजू अजून ओळखू येते.

ही चकाकी कुणी कुंचल्याने लावलेली नाही, की पाइप कशात बुडवून काढलेला नाही. ती मिठाची आहे. असे पाइप भट्टीत रचायचे, भट्टी बाराशे अंशांच्या आसपास न्यायची, आणि आतली माती तापून दगडासारखी घट्ट होत आली की शेगडीच्या तोंडांतून जाडं मीठ टाकायचं. एवढ्या धगीत मिठाची वाफ होते. वाफेतलं सोडियम मातीतल्या सिलिकाला आणि ॲल्युमिनाला जाऊन भिडतं आणि जिथल्या तिथे काच होते. क्लोरीन ओलाव्यातला हायड्रोजन घेऊन आम्ल बनतं आणि धुराड्यातून पांढऱ्या लोटाने निघून जातं. कोयना जिथे कृष्णेला मिळते त्या कराडजवळ ओगलेवाडीला १९१६ पासून ओगल्यांचा काचेचा कारखाना चालला. प्रभाकर कंदिलाचं नाव त्याच्यामुळे घराघरांत गेलं. तिथे वाळू आणि सोडा एकत्र वितळवून काच करत. मिठाच्या भट्टीत वाळू वेगळी आणावी लागत नाही. ती भांड्याच्याच अंगात असते. मीठ बाहेरून येतं आणि तिला वितळायला लावतं, एवढंच.

मीठ बाहेरून येणं ही या भागाची जुनी ओळख आहे. कोकणातलं मीठ बैलांच्या पाठीवर कुंभार्ली घाट चढून देशावर यायचं, आणि धान्य-गूळ त्याच वाटेने खाली उतरायचा. आता त्याच डोंगराच्या पोटातून कोयनेचं पाणी उलट्या दिशेने जातं, पोफळीला वीज करतं आणि वाशिष्ठीच्या पात्रातून समुद्राला मिळतं. हेळवाकला पूर्वेकडे वळणारी नदी अशी अर्धीमुर्धी पश्चिमेला गेली. घाटाच्या वरच्या वळणावर उभं राहिलं की मला ही दोन्ही येणीजाणी एकदम जाणवतात.

मिठाचं आणि मडक्याचं जमत नाही हे घरातल्या बायकांना कुणी शिकवावं लागत नाही. कुंभाराच्या साध्या मडक्यात मीठ ठेवलं की ते ओल धरतं, अंगातून पाझरतं, बाहेर पांढरं फुलतं, आणि काही दिवसांनी मडक्याचे पापुद्रे सुटायला लागतात. म्हणून मिठाला, चिंचेला, लोणच्याला चिनीमातीची बरणी. वर तपकिरी, खाली पिवळट पांढरी, तोंडाला दादरा बांधलेली. या दुरंगी रीतीचं मूळ इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचं. एकोणिसाव्या शतकात तिथे फेल्डस्पार आणि जस्त घातलेली झिलई निघाली आणि तिने मिठाच्या भाजणीला हळूहळू मागे सारलं. आपल्याकडे सौराष्ट्रात मोरबी-थानगडच्या बाजूला चिनीमातीचा धंदा रुजवणाऱ्यांत परशुराम गणपुले हे मराठी नाव ठळक आहे. बरणी वरच्या अंगाने लोहाच्या झिलईत बुडवतात, खालच्या अंगाने पांढऱ्या. कमरेशी दोन्ही एकमेकींवर चढतात आणि तिथे बोटभर पट्टा तिसऱ्याच रंगाचा होतो. कुठे सोनेरी, कुठे हिरवट, कुठे ठिपक्याठिपक्यांचा. लहानपणापासून मी त्या पट्ट्याकडे बघत आले आहे. एकावर एक दोन थर दिले की खालचा नुसता झाकला जात नाही, तो वरच्यात मिसळतो, हे मला त्या बरणीने दाखवलं. पुढे हाताला माती लागली ती याच कुतूहलातून.

माझ्या मैत्रिणीची भट्टी कोयनानगरात नाही, आणि असूही नये. इथे अभयारण्य आहे, व्याघ्र प्रकल्प आहे, आणि मिठाच्या भाजणीचा धूर आम्लाचा असतो. ती कराडच्या पलीकडे, वस्तीपासून लांब, कोरड्या माळावर आहे. एरवी ती सोड्यावर भाजते. अमेरिकेत १९७० च्या दशकात मिठाच्या धुराला कंटाळलेल्या कुंभारांनी धुण्याच्या आणि खाण्याच्या सोड्याचा मार्ग काढला, तो आता जगभर चालतो. तो मार्ग शहाणपणाचा आहे यात मला शंका नाही. पण सोड्याची वाफ जड, ज्वाळेच्या वाटेत जे येईल त्यावर बसते आणि आडोशाची बाजू कोरडी ठेवते. मिठाची वाफ भट्टीच्या कोपऱ्याकोपऱ्यांत हिंडते. म्हणून वर्षातून कधीतरी, वारा वस्तीकडून माळाकडे वाहत असेल अशा दिवशी, थोडंच मीठ घेऊन ती मिठाची भाजणी लावते. मी तेव्हा जाते.

तयारी आठवडे आधीपासून चालते. भांडं चामट वाळलं, म्हणजे आकार धरून आहे पण अजून ओलसर आहे, की त्यावर मातीचा पातळ घोळ चढवायचा. यातली खुबी बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. घोळ रंगासाठी असतो, पण त्याहून जास्त तो मिठाशी कसं वागायचं हे ठरवण्यासाठी असतो. सिंधुदुर्गातून येणारी पांढरी चिनीमाती घोळात जास्त असली तर तिच्यातलं ॲल्युमिना मिठाला फारसं दाद देत नाही. पृष्ठभाग मंद राहतो आणि ज्वाळेने त्यावर नारिंगी छटा उमटते. गारगोटीची पूड वाढवली तर मीठ त्यावर तुटून पडतं आणि लखलखीत काच होते. लोह असेल तर तपकिरी, टिटॅनियम असेल तर कधी निळसर दूध. मग पहिली कच्ची भाजणी. त्यानंतर आतून झिलई, कारण तोंड अरुंद असलेल्या भांड्याच्या पोटात मिठाची वाफ नीट पोचत नाही. आतून ते कोरडंच राहिलं तर लोणच्याच्या कामाचं नाही. शेवटी खांद्यावर हवा असेल तर आणखी एका झिलईचा पट्टा. या पट्ट्याची जागा फार विचारपूर्वक ठरवावी लागते. एरवी जागच्या जागी राहणारी झिलई मीठ बसलं की पातळ होते आणि ओघळायला लागते. खांद्यावर दिलेली पोटापर्यंत येते. बुडापर्यंत आली तर भांडं फळीलाच चिकटतं, म्हणून प्रत्येक भांड्याच्या बुडाशी ॲल्युमिनाच्या छोट्या गोळ्या लावून ते अधांतरी ठेवायचं.

एवढं सगळं माणसाच्या हातचं. शेवटचा थर कुणी देत नाही.

मीठ घालायची वेळ बहुधा रात्री येते. भट्टीच्या भोकातून बघितलं की आत भांडी दिसत नाहीत, नुसता पांढरट पिवळा उजेड, आणि त्या उजेडातच कुठेतरी भांड्यांच्या कडा. जाडं मीठ थोडं ओलं करून कागदाच्या पुड्यांत बांधलेलं असतं. पुडी आत पडली की तडतड ऐकू येते, मग भट्टी क्षणभर घुसमटल्यासारखी होते आणि धुराड्यातून पांढरा लोट उठतो. आम्ही वाऱ्याच्या वरच्या अंगाला, तोंड बांधून. थोडा वेळ थांबायचं, मग पुढची पुडी. किती घालायचं हे घड्याळ सांगत नाही. भोकाशी मातीच्या कड्या ओळीने मांडलेल्या असतात. लोखंडी सळईने एकेक ओढून काढायची, पाण्यात टाकायची आणि बॅटरीच्या उजेडात बघायची. बाहेर काढताच ती झटकन निवते, त्यामुळे तिच्यावरचा रंग खरा नसतो. काचेची जाडी तेवढी कळते. पहिली कडी कोरडी. दुसरी ओलसर दिसते. तिसरी-चौथीवर बोट अडखळतं, खळगे उमटू लागलेले असतात. ‘आता पुरे’ हे मैत्रीण म्हणते तेव्हा मला नेहमी वाटतं की अजून एक पुडी चालली असती. ती मात्र ठाम असते. जास्त मीठ सगळ्या भांड्यांना एकसारखं करून टाकतं, असं तिचं म्हणणं, आणि तिच्या भट्टीतली भांडी पाहिल्यावर मला ते पटतं.

गेल्या काही भाजण्यांना मी घाटातली लाल माती नेते आहे. तिची गोष्ट जरा लांबून सांगावी लागेल. कोयनेचा सगळा डोंगर लाव्ह्याच्या थरांचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास एकामागून एक लाव्हे इथे पसरले आणि थिजले. किती जाड? धरण-भूकंपाच्या अभ्यासासाठी गोठण्याजवळ तीन किलोमीटर खोल छिद्र पाडलं, ते काम २०१७ मध्ये पुरं झालं; त्यात सुमारे सव्वा किलोमीटर नुसता काळा कातळच लागला, आणि त्याच्याखाली ग्रॅनाइटच्या जातीचा कितीतरी जुना दगड. पण हे लाव्हे लागोपाठ आले नाहीत. मध्ये मोठी विश्रांती असायची. तेवढ्यात वरच्या दगडाची पाऊस-वाऱ्याने माती व्हायची. मग पुढचा लाव्हा त्या मातीवरून वाहायचा आणि ती जागच्या जागी भाजून निघायची. सह्याद्रीच्या घाटांत रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथे काळ्या दगडांच्या मध्ये हात-दोन हात जाडीचा विटकरी पट्टा दिसतो, तो हा. कठीण दगडावर मातीचा थर, आणि त्यावर वितळलेलं काही ओतलेलं. घाटात तो पट्टा बघताना मला प्रत्येक वेळी मैत्रिणीच्या ओट्यावरची भांडी आठवतात.

या मातीचं भांडं मिठाच्या भट्टीत टिकणार नाही. तिच्यात लोह आहे, चुना आहे, मॅग्नेशियम आहे. ती बाराशेच्या आतच बसकण मारते आणि वितळते. पण जे भांड्याला मारक, तेच घोळाला पोषक. अमेरिकेत हडसन नदीकाठच्या ऑल्बनीची नदीची माती शंभराहून अधिक वर्षं याच कारणाने नावाजलेली होती. मिठाने चकाकवलेल्या बरण्यांना आतून ती द्यायचे, कारण भट्टीत ती एकटीच वितळून तपकिरी झिलई होई. आपला घाट त्याच गुणाचा निघेल का, हा माझा प्रश्न होता. कड्याखाली आपोआप गळून पडलेली माती मी उचलते. भिजवून, कापडातून गाळून, तळाची रेती फेकून देते. पाणी सोडलं की ती फार आकसते, म्हणून जाड चढवून चालत नाही, तडकून पापुद्रे होतात. साईएवढा पातळ थर, तोही चामट भांड्यावर. मिठात भाजून आल्यावर पातळ भाग सोनसळी तपकिरी, जिथे घोळ दुहेरी झाला तिथे काळपट, आणि काळपटाच्या कडेला लोहाच्या बारीक तांबूस रेघा. त्यावर राखेच्या झिलईचा पट्टा दिला होता, तो ओघळून खालच्या लोहाला घेऊन गेला आणि मध्येच शेवाळी हिरवा थांबला. मी तो रंग मागितला नव्हता. मागूनही तो दुसऱ्यांदा तसाच येत नाही.

पाटणच्या बाजूला एक म्हातारे कुंभार आहेत, त्यांना सगळे तात्या म्हणतात. त्यांच्या दारात आवा लागतो तो पालापाचोळा, गोवऱ्या, लाकडं यांवर. सातशे-आठशे अंशांच्या वर तो जात नसेल. त्यांच्या घरात झिलई कधी नव्हती, काव होती. मडकं वाळत आलं की काव पाण्यात कालवून फडक्याने पुसायची आणि वर गारेने घोटायचं. मिठात भाजलेल्या माझ्या भांड्याचा एक तुकडा मी त्यांच्या हातात दिला तेव्हा त्यांनी आधी तो जिभेला लावला. साधी भाजलेली माती जिभेला चिकटते, ही चिकटली नाही.

“काव हाय की ही आतून,” ते म्हणाले.

“घाटातली लाल माती आहे, तात्या. वर मीठ.”

“मीठ? मीठ मडक्याला खातंय, ताई. आन् तू त्येच त्येला चारतीस?”

“आगीत असताना. पांढरीफटक आग असताना.”

त्यांनी तुकडा उन्हात तिरपा धरला, अंगठ्याने खळगे चाचपले. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “मग त्येला आगीतच पचलं म्हनायचं.” आणि घोटायच्या गारेने त्या तुकड्यावर एक रेघ मारून बघितली. रेघ उठली नाही.

तात्यांची काव आणि आमचा घोळ हे मुळात एकच काम आहे, हे मला त्यांच्या ओट्यावर बसून कळलं. आणि हे काम महाराष्ट्रात फार जुनं. संगमनेरजवळ प्रवरेच्या काठी जोर्वे इथे १९५०-५१ मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकळिया आणि देव यांनी उत्खनन केलं. तिथल्या तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या भांड्यांवर लाल-नारिंगी घोळ आहे आणि त्यावर काळ्या रेघांचे त्रिकोण-चौकोन. इनामगावला तशीच भांडी ढिगांनी निघाली. तोटीची, कंबर मोडलेली, टिचकी मारली तर खणखण वाजणारी. घोळ होता, भाजणी उत्तम होती, मीठही घरात होतं. तरी मिठाची झिलई इथे निघाली नाही, कारण एवढी आग कुणाला लागतच नव्हती. आपल्या हवेत पाझरणारं मडकंच पाणी गार करतं. ती निघाली मध्ययुगात जर्मनीत, ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यात, जिथे अतिशय आग सोसणारी माती होती आणि जंगल अमाप होतं. दाढीवाल्या माणसाचा चेहरा गळ्यावर थापलेल्या तिथल्या सुरया डच जहाजांवरून जगभर फिरल्या. १६२९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर फुटलेल्या ‘बटाव्हिया’ जहाजातही त्या सापडल्या. सतराव्या शतकात डचांची वखार आपल्या वेंगुर्ल्यालाही होती. मिठागरांच्या किनाऱ्यावर, शिरोड्यापासून फार लांब नाही अशा जागी, मिठाने चकाकवलेली एखादी सुरई वखारीच्या फळीवर ठेवलेली असेल, असं मला मनापासून वाटतं. पलीकडे, बेळगावकडच्या खानापूरला खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची संस्था आहे. तिथली माती चांगली, आणि गावकुंभारांना चढ्या आगीची भांडी शिकवायचं काम तिने केलं. तरी तात्यांसारखे कितीतरी जण कावेवरच राहिले. त्यांच्या मडक्याचं पाणी प्यायलं की त्यात काही उणं वाटत नाही.

आमच्या घरी एक खापर होतं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, चारच्या पुढे, इथली जमीन हलली तेव्हा फडताळातून पडलेल्या बरणीचं ते बूड. त्या पहाटे या खोऱ्यात माणसं गेली, घरं पडली. बरण्यांचं दुःख कुणी केलं नाही. पण आईने ते बूड ठेवलं, कारण बरणीच्या बुडाची कडा बिनझिलईची आणि खरखरीत असते, सुरीला धार लावायला तिच्यासारखं दुसरं काही नाही. मी ते कितीदा हातात घेतलं असेल. फुटलेल्या कडेला सगळे थर उघडे पडलेले. मध्ये राखाडी घट्ट अंग, बाहेरच्या बाजूला नखाएवढीही जाडी नसलेली काच, आतल्या बाजूला तशीच दुसरी. आणि अंग आणि काच यांच्यामध्ये, नीट बघितलं तर, दोन्हींपैकी कशाचीच नाही अशी एक धूसर रेघ. तिथे काचेने मातीत शिरून आणि मातीने काचेत उतरून घेतलेलं असतं. तेवढी रेघ जमली नाही तर झिलई टरफलासारखी सुटून येते. थर देणाऱ्याची सगळी मेहनत त्या न दिसणाऱ्या रेघेसाठी असते, असं मैत्रीण म्हणते, आणि तिची चांगली भांडी मी आता समोरून बघण्याआधी त्यांच्या फुटक्या भावंडांच्या कडा बघते.

पुढच्या भाजणीसाठी मी घाटात तीन वेगवेगळ्या उंचींवरची लाल माती गोळा करून ठेवली आहे. गाळून तिघींच्या वड्या पाडल्या आहेत. खालची जांभळट, मधली विटकरी, वरची जवळजवळ नारिंगी. तिन्ही एकाच बरणीवर, घाटात आहेत त्याच क्रमाने चढवाव्यात असं मला वाटतं. मैत्रिणीला तो हट्ट वाटतो; भट्टीत खालच्या फळीला मीठ कमी पोचतं, तेव्हा सगळ्यात लवकर वितळणारी माती तळाला द्यावी, डोंगराचा क्रम डोंगरापाशी राहू दे, असं तिचं म्हणणं. खांद्यावर राखेचा पट्टा द्यायचा की नाही यावर आमचं एकमत झालं आहे: द्यायचा, पण बारीक. आतून काय द्यायचं ते अजून ठरत नाही. बरणी मिठासाठीच करायची आहे, खड्याच्या, शिरोड्याकडच्या. तात्या म्हणतात, आतून काहीच देऊ नका, एकदा त्येलाच ठरवू दे. मैत्रीण ते ऐकून हसली नाही. तिने मातीचा एक लहान गोळा वेगळा काढून ठेवला आहे, तेवढ्यात एक छोटी बरणी होईल.